आजोबांची हत्यारं: कुणी सांभाळलीत, कुणी घालवलीत? (अनुभव धागा)

भुसाभुशी
मागच्या आठवड्यात चिपळूणहून काकूचा फोन. "अरे, पडवीतली अण्णांची पेटी भंगारवाला किलोवर मागतोय, देऊन टाकू?" मी म्हटलं थांब, आणि शनिवारी रात्रीची एसटी धरली.

पेटी जुलै २०२१ च्या पुरात बुडाली होती. नंतर कुणी उघडलीच नाही. घर सावरायचं की पेटी? झाकण पहारीने उचकटलं. आत चिखलाची वाळलेली ढेकळं आणि त्यात पाच पटाश्या (लाकूड कोरायच्या छिन्न्या), एक वाकस (लाकूड तासायचं), दोन रंधे (एक लाकडी, एक लोखंडी स्टॅनली नं. ४), गुण्या (काटकोन बघायचा), करवत आणि निसणा (धार लावायचा दगड). अण्णा सुतारकाम करायचे. पहाटे पडवीत निसण्यावर पटाशी फिरायची, त्या खर्र खर्र आवाजाने आम्ही नातवंडं उठायचो. हात लावायची परवानगी फक्त निसण्याला, तीही पाणी घालायला.

रॉकेलमध्ये रात्रभर ठेवून, पितळी ब्रशने घासून बरंच निघालं. मग शहाणपणा सुचला. मोठी पटाशी शेजाऱ्याच्या ग्राइंडरवर धरली, दोन मिनिटांत काम होईल म्हणून. टोक निळंजांभळं झालं. मला वाटलं, वा, काय रंग आलाय! आमच्या गल्लीतले म्हातारे सुतारकाका बघून नुसते म्हणाले, "पाणी उतरवलंस तिचं." धार लावतो, पण सागावरसुद्धा दोन फटक्यांत बोथट होते. तीन दिवस झोप नाही नीट.

विचारायचं म्हणजे, ती दुरुस्त होते का? आणि दुसऱ्या एका पटाशीची मूठ वाळवीने खाल्लीये, नवी बसवू की तीच कशीतरी चिकटवू? बाकी तुमच्याकडे काय काय आहे ते लिहा.

रानवेल
फोटो टाका की राव. रंध्याचा तरी.

भुसाभुशी
टाकले चार. मोबाईल जुना आहे, सांभाळून घ्या.

परळचा_पंखा
आमचे आजोबा गिरणीत फिटर. ८२ च्या संपानंतर घरी आले ते पान्यांचा एक संच घेऊन, त्यांचा स्वतःचा होता (आजी शपथेवर सांगायची, "स्वतःचा!"). मी मोठा झाल्यावर बाइकला लावायला गेलो तर एक पाना बसेल तर शपथ. एक ढिला, पुढचा आत जाईना. त्यावर लिहिलेलं अर्धा इंच, मापलं तर तोंड पाऊण इंचाहून मोठं. वाटलं साहेब दारू पिऊन आकडे ठोकत होता. खूप वर्षांनी कळलं, व्हिटवर्थ या जुन्या इंग्रजी मापाचे पाने ते. त्यावरचा आकडा बोल्टच्या जाडीचा, नटाच्या रुंदीचा नाही. मशिनं लँकेशायरहून आलेली, म्हणून पानेही त्या मापाचे. आता कशालाच लागत नाहीत. दसऱ्याला झेंडू वाहतो आणि परत फडक्यात.

तिखटमीठ
सगळे आजोबा आजोबा चाललंय. आज्या काय हातांनी काम करत नव्हत्या?

माझ्याकडे आजीची विळी आहे. पाटाला तीन भेगा, पण पातं अजून असं की भेंडी चिरताना हात आपोआप हळू होतो. तिच्या टोकाला खोवणी. नारळ खोवायला बसले की मी थेट आजीच्या पोझमध्ये जाते, एक गुडघा वर, साडी नाही तरी पदर सावरल्यासारखं करते. नवऱ्याने परवा व्हिडिओ काढला, डिलीट करायला लावला.

रानवेल
@तिखटमीठ अगदी! आणि पाटा-वरवंटा? आमच्याकडे दर दोनेक वर्षांनी टाकी लावायला बाई यायची, "टाऽऽकीयेऽऽ" अशी हाक. पाट्यावर छिन्नी-हातोडीने टिकटिक टिकटिक. शेवटी माशाचं नक्षीकाम फुकट करून द्यायची, आई एक वाटी तांदूळ जास्त घालायची.

तिखटमीठ
मासा! आमच्या पाट्यावर पण होता! मला वाटायचं फक्त आमच्याच.

रानवेल
टाकीनंतरची पहिली चटणी कचकच लागायची. आई आधी तांदूळ वाटून फेकून द्यायची तरी.

कासेगावकर
धाग्याचा विषय हत्यारं ना? चटणीवर गेला 😄

बरं माझंबी घ्या. आमच्या आज्ज्याचा कोयता. टरकच्या स्प्रिंगच्या पाट्याचा, लोहारानं घरासमोर बसून केल्याला. ऊस तोडून तोडून पान निम्मं झालंय, पर मूठ तीच, बाभळीची. दरवर्षी शेवटून (लोहाराकडनं तापवून, ठोकून धार काढून) आणायचा. आता शेवटणारा लोहारच नाय गावात, त्याची पोरं एमआयडीसीत. मी ग्राइंडर मारला आन् माझंबी निळं झालं, सुतारभाऊ तुमी एकटं नाय.

अकोल्याची_झळ
माह्या आबाजीकडे वखर होता, त्याची पास (खालचं लोखंडी पातं) लय जड. पेरणीच्या आधी घिसाडी, म्हंजे फिरते लोहार, यायचे, गाडीवर बिऱ्हाड, झाडाखाली भाता मांडायचे. माणूस सांडशीत पास धरे अन् बाई घण मारे. आम्ही पोट्टे बसून पायत राहो, तोंडावर ठिणगी आली तरी उठत नव्हतो. त्या बाईसारखा घण मारणारा माणूस म्या अजून पायला नाही. मांगच्या साली मायनं वखर भंगारात देल्ला, २२ रुपये किलो. मले सांगितलंच नाही. आता ट्रॅक्टर आहे, ठेवून काय करता, असं म्हणते. बरोबरच हाय तिचं. पण पास तरी ठेवाची होती ना.

रानवेल
😔

निवृत्त_टूलरूम
भुसाभुशी, पटाशी मेलेली नाही. रंग काय सांगतो ते बघा. पोलाद तापत गेलं की आधी फिकट पिवळं दिसतं, मग तपकिरी, जांभळं, निळं. निळं म्हणजे सुमारे ३०० अंशांपर्यंत गेलं, कडकपणा उतरला. पण बहुतेक वेळा तेवढा टोकाचाच भाग खराब असतो. हाताने, निसण्यावर, पाणी घालत घालत निळा भाग संपेपर्यंत झिजवा. कंटाळवाणं आहे, पण पटाशी दोनतीन मिलिमीटर आखूड होईल, एवढंच.

निळेपणा खोलवर गेला असेल तर पुन्हा पाणी द्यावं लागेल, म्हणजे पोलाद परत कडक करावं लागेल. टोक लाल होईपर्यंत तापवायचं, लोहचुंबक चिकटायचं बंद झालं की थोडं वर नेऊन तेलात बुडवायचं, मग ओव्हनमध्ये २०० अंशांवर तासभर. पिवळसर रंग आला की बास. घरी पहिल्यांदा करत असाल तर रंगात आलेली मोठी पटाशी घेऊ नका, एखाद्या जुन्या कानशीवर करून बघा. तेल पेट घेतं, झाकण हाताशी ठेवा, आणि बायकोच्या ओव्हनमध्ये तेलकट हत्यार ठेवू नका. हे अनुभवाने.

जुन्या पटाश्या पुष्कळदा पूर्ण पोलादाच्या नसतात. अंग मऊ लोखंडाचं, तोंडाला पोलादाची पट्टी जोडलेली. पाठ नीट घासली की जोड दिसतो. तोवरच धार टिकते, पुढे नाही. किती उरलीये ते आधी बघून घ्या. घासताना उतार २५ अंश, शेवटची धार ३० अंशांवर.

भुसाभुशी
दंडवत काका 🙏 जोड दिसला! अजून दोन बोटं पोलाद आहे.

स्टुटगार्टची_स्नुषा
मी आईची विळी इकडे आणली. चेक-इन बॅगेत, टॉवेलमध्ये गुंडाळून. विमानतळावर एका बाईने बॅग उघडायला लावली, विळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी खाली बसून दाखवलं, हवेत भाजी चिरली. तिने सहकाऱ्याला बोलावलं. त्याच्यासमोर पुन्हा चिरली. सोडलं!

आता इकडे बर्फ पडतंय आणि मी लाद्यांवर बसून कोबी चिरते. पाय आखडतात, पण सुरीने तसा बारीक होत नाही, होत नाही म्हणजे नाही.

परळचा_पंखा
हवेत भाजी 😂😂

पानवाला_नाही
आमच्याकडे पणजोबांचा पितळी अडकित्ता, घोड्याच्या आकाराचा. पुण्यात केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचा संग्रह बघितला, तिथे आमच्यासारखेच घोडे, मोर, जोडपी. मला वाटलं आपला लई दुर्मीळ, घरी आल्यावर बायको म्हणाली बघ, तिकीट काढून आपलाच अडकित्ता बघून आलास. पितळ कसं साफ करता? चिंचेने चकचकीत होतो, पण मग जुनेपणा जातो असं कुणी म्हणतं.

तिखटमीठ
चिंच लावा हो, आजीने आयुष्यभर तेच केलं. तिला जुनेपणा टिकवायचा नव्हता, सुपारी कातरायची होती.

करवतीचा_दात
मी भुसाभुशींचे फोटो मोठे करून बघत बसलोय. लाकडी रंध्याच्या पुढच्या टोकाला अंगठ्याची खळी पडलीये ना? ढकलणारा हात मागे आणि दुसरा हात पुढून धरतो, त्याचा अंगठा एका बाजूला टेकतो. उजव्या हाताच्या माणसाची खळी डाव्या बाजूला पडते. तुमची उजवीकडे आहे. फोटो उलटा तर नाही? नसेल तर अण्णा डावरे होते.

भुसाभुशी
फोटो उलटा नाही, शेजारच्या लोखंडी रंध्यावरची अक्षरं सरळ वाचता येतायत.

मी अण्णांना कायम उजव्या हाताने जेवताना, लिहिताना, पूजा करताना बघितलं. तरी काकूला फोन केला. म्हणाली, "डावरेच होते ते. शाळेत मास्तरांनी छडीने लिहायचा हात बदलला, घरी त्यांच्या आजीने जेवायचा. हत्यार कुणी शिकवलं नव्हतं, ते तेवढं त्यांचं राहिलं." ३८ वर्षांत मला हे माहीत नव्हतं.

लाकडी रंध्याला पॉलिश पेपर लावणार होतो, आता नाही. नुसतं अळशीचं तेल पुसतो. मुठीचं अजून ठरत नाहीये.

कासेगावकर
मूठ नवी बसवा. बाभळीची नाय तर धामणीची. मूठ बदलाय असतीच, आज्जाबी बदलत असणार. जुनी ठेवा डब्यात.

परळचा_पंखा
जुनी मूठ ठेवू नका, वाळवी बाकीच्या घराला खाईल 😄 उन्हात तापवा आधी.

रानवेल
डावरे वाचून मला माझ्या मावशीची आठवण आली, तिचीपण अशीच... नंतर लिहिते, कुकरची चौथी शिट्टी झाली.

निवृत्त_टूलरूम
एक राहिलं, सगळ्यांसाठी. अळशीच्या तेलाने पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. आपोआप तापतात आणि पेटतात. पसरून बाहेर वाळवा नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

भुसाभुशी
काका, बरं झालं सांगितलंत. बाल्कनीत बोळा करून ठेवलाय, उठतो.