घरातली रद्दी चुलीत, खतात की भंगारात? तुमच्याकडं काय करता ते लिहा

नमस्कार मंडळी. मी दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहितेय. आधी माझं सांगते, मग तुम्ही सांगा.

मागच्या फेब्रुवारीतली गोष्ट. भाव वाढेल म्हणून भासऱ्यांनी कापूस विकला नव्हता, पुढची खोली पार आढ्यापर्यंत भरलेली. सासूबाई रोज सकाळी अंगण झाडून कचरा कोपऱ्यात पेटवतात, माझ्या लग्नाआधीपासूनची त्यांची सवय आहे ती. त्या दिवशी पालापाचोळ्यात जुने पेपर, पोरांच्या वह्या अन् लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता. आठ वाजता वारा सुटला आणि एक अर्धवट जळलेला कागद, कडा लाल असलेला, वर उडाला अन् सरळ कापसाच्या खोलीच्या खिडकीवर येऊन चिकटला. डासांसाठी बारीक जाळी ठोकली होती म्हणून आत गेला नाही. मी हातातला तांब्या तसाच फेकला. वर्षभराची कमाई होती आत, शेजारी पाळण्यात माझी लेक झोपली होती.

तेव्हापासून आमच्या अंगणात कागद पेटलेला नाही. पण मग त्याचं करायचं काय हा प्रश्न राहिलाच. पेपर, खोके, औषधाच्या चिठ्ठ्या, बियाण्यांची पाकिटं, देवाचे फोटो असलेल्या पत्रिका, बँकेचे कागद, सगळं एका पोत्यात भरून ठेवलंय. "जाळू नका" एवढं सगळेच सांगतात, मला तुम्ही घरात रोज नेमकं काय करता ते हवंय. जे जाळतात त्यांनीही का जाळता ते मोकळेपणानं लिहा.

*

पुसदकडचे काका

ताई, लेकरू अन् कापूस दोन्ही वाचलं, देवाची कृपा. आमच्याकडं कागद खतात जातो. नाडेप हे नाव तुम्ही ऐकलं असंल, ती पद्धत आमच्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांची, त्यांच्या नावाच्या अक्षरावरूनच ते नाव पडलं. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच असं विटांचं टाकं, भिंतीत हवेसाठी भोकं सोडलेली. आत काडीकचऱ्याचा थर, त्यावर शेणपाणी शिंपडायचं, मग माती, असे थर वरपर्यंत. वरून शेणमातीनं लिंपून घेतलं की तीन-चार महिन्यात खत तयार. शेण फार लागत नाही, टाकं भरायला क्विंटलभर पुरते, बाकी सगळा कचरा अन् माती.

कागदाचं मी चुकून शिकलो. पहिल्या वर्षी पेपर आख्खे पसरून टाकले, ते एकमेकांना असे चिकटून बसले की टाकं फोडलं तेव्हा तारीख वाचता येत होती. हवा आत गेलीच नाही. आता बायको टीव्ही पाहता पाहता पट्ट्या फाडते, मी त्या रात्रभर शेणपाण्यात भिजू देतो अन् मग हिरव्या कचऱ्यात मिसळून टाकतो. पुठ्ठा तर फारच चांगला, गांडुळं त्याच्या नळ्यांत जाऊन बसतात. फक्त चिकटपट्टी अन् पिना काढायच्या, आणि चकचकीत कागद टाकायचा नाही.

*

मूर्तिजापूरकडून

माया तं इचार वेगळा हाये. आमी जाळतो. हिवाळ्यात पहाटे पाचले बंब पेटवा लागते, पऱ्हाटी दवानं ओली रायते, कागदाबिगर इस्तो धरतच नाही. चार पानं चुरगाळून खाली देल्ले का पाच मिनिटात धग लागते. गावात भंगारवाला दोन-तीन महिन्यातून एखांद्या वेळी येते, अन् त्याचा काटा मले पटत नाही. घरी मोजून बांधलेली सहा किलो रद्दी त्याच्या काट्यावर चार भरली. मंग कायले द्यावं त्याले? माया कागद मायं पाणी तापवते, बाकी काही नाही. अंगनात मी कधी पेटवत नाही, बंबातच जायते, आन वर झाकन रायते.

*

आशा ताई, दारव्हा तालुका

मूर्तिजापूरच्या दादा, राग मानू नका, बंबात चार पानं टाकल्यानं आभाळ कोसळत नाही हे मलाही मान्य आहे. पण मी घरोघरी जाते तेव्हा दिसते की नुसता पेपर कोणीच जाळत नाही. त्या चार पानांसोबत चहाचे कप जातात, बिस्किटाचे पुडे जातात, गुटख्याच्या पुड्या जातात, कारण हाताशी येईल ते माणूस चुलीत सारते. चहाचा कागदी कप म्हणजे कागद असं बायांना वाटते. एक कप रात्रभर पाण्यात ठेवा अन् सकाळी आतून नख लावा, पातळ प्लास्टिकचा पापुद्रा निघून येते. तो पापुद्रा जाळला की त्याचा धूर कोणाच्या नाकात जाते? चुलीपुढं बसलेल्या बाईच्या आणि तिच्या मांडीवरच्या लेकराच्या.

माझ्या सासूबाईंना दमा आहे. सांजवेळी शेजारच्या अंगणात कचरा पेटला की त्यांचा रात्रभर पंप चालू असते. मी एकदा शेजारणीला हाताला धरून आणलं अन् त्यांच्याजवळ बसवलं, काही बोलले नाही. तिनं तेव्हापासून बंद केलं.

अजून एक, एटीएमची चिठ्ठी अन् दुकानातलं गुळगुळीत बिल. नखानं घासून पाहा, काळी रेघ उमटली तर तो थर्मल कागद. त्याच्यावर रसायन असते, बऱ्याचदा बिस्फेनॉल. तो चुलीत नको, खतात नको, रद्दीतही नको. लेकरांच्या हातात तर देऊच नका, घंटागाडीच्या सुक्या कचऱ्यात जाऊ द्या.

*

बंबवाल्या दादांसाठी, चिखलीहून

गुळगुळीत रंगीत कागदाची राख बंबात तशीच पापुद्र्यासारखी उभी राहते, पाहिलंय का? त्या कागदावर चिकणमाती किंवा खडूचा लेप असतो, तो जळत नाही. आमच्या बंबाची जाळी त्याच राखेनं बुजली होती, धूर सगळा बाथरूममध्ये. तेवढा तरी वेगळा काढा.

*

भंगाराचा धंदा आहे आमचा, कारंजा

वडलांपासून धंदा आहे, म्हणून आतलं सांगतो. काट्याची तक्रार खरी आहे, आमच्या लाइनीत असे लोक आहेत आणि त्यांच्यामुळं आमच्याकडंही लोक संशयानं पाहतात, वाईट वाटते. घरी साधा वजनकाटा असंल तर समोर मोजून द्या, जो चांगला असंल तो नाही म्हणणार नाही.

आता कागदाचं. आम्ही पेपर वेगळा, वही-पुस्तक वेगळं, पुठ्ठा वेगळा लावतो. तुम्ही मिसळून दिलं तर सगळ्यात कमी भावाच्या हिशोबानं जाते, वेगळं दिलं तर वेगळा भाव. ओली रद्दी आम्ही घेतच नाही किंवा वजन कापतो, कारण पुढं गोदामावरही कापतात. तेलानं माखलेला कागद, समोशाचा, भज्याचा, तो मुळीच चालत नाही. लगदा करताना कागद पाण्यात विरघळवतात आणि तेल पाण्यात मिसळत नाही, त्याचे डाग पुढच्या कागदात उतरतात. पिनांची काळजी करू नका, त्या मिलवाले काढतात. प्लास्टिक चढवलेल्या पत्रिका नकोत.

लोक विचारतात एकदा दिलेला कागद किती वेळा फिरतो. पाच-सात वेळा, साधारण. दरवेळी त्यातला तंतू आखूड होत जातो. म्हणून तुमच्या वहीचा पुढं पुठ्ठा होते.

आणि खेड्यात गाडी का येत नाही तेही सांगतो. पाच किलोसाठी वीस किलोमीटर डिझेल जाळणं परवडत नाही. आमच्या इथल्या एका गावात बायांच्या बचत गटानं समाजमंदिराच्या खोलीत सगळ्यांची रद्दी गोळा करणं सुरू केलं, क्विंटल-दीड क्विंटल झाली की फोन करतात, मी दुसऱ्या दिवशी गाडी पाठवतो. घराघराचं वजन त्या बाया एका वहीत लिहून ठेवतात.

*

जिल्हा परिषद शाळेतली शिक्षिका, सेलू (वर्धा)

आमच्याकडं उन्हाळ्याच्या सुट्टीआधी सगळ्या पोरांच्या वह्या तपासतो, कोरी पानं किती उरली म्हणून. एका वर्गाच्या वह्यांतून एवढी निघतात की दाभणानं शिवून जूनमध्ये ज्यांच्याकडं वही नसते त्यांना देता येते. मी पोरांना सांगते की सेवाग्राम आपल्यापासून किती जवळ आहे, तिथं गांधीजी आलेल्या पत्रांची कोरी बाजू अन् पाकिटं उलटून लिहायला वापरत. वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींचे सहकारी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांच्या वेळी ग्रामोद्योग संघात हातकागद बनवायचं काम चालायचं, १९३४ मध्ये तो संघ सुरू झाला. आता पोरं स्वतःच कोरं पान फाडू देत नाहीत.

*

राजुरा, चंद्रपूर

छोटंसं लिहितो. माझे आजोबा जंगलात बांबू तोडायला जायचे, तो बल्लारपूरच्या पेपर मिलला जायचा. ओल्या बांबूचा भार खांद्यावर घेऊन त्यांच्या खांद्याला कायमचा गोळा आला होता. घरी कोणी कोरा कागद चुलीत टाकला की ते उठून जायचे तिथून. मला लहानपणी कळायचं नाही का ते.

*

नात टाइप करतेय, आजी सांगतेय. अचलपूर

आजीचं म्हणणं, तुम्ही सगळे कागद द्यायचा की जाळायचा एवढंच भांडता, आम्ही तं त्याच्यात धान्य ठेवत होतो.

पेपरचे तुकडे करून मातीच्या माठात तीन-चार दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं नाही तं वास येते. मग उखळात कुटायचं, लोण्यासारखं होईपर्यंत. मेथीदाणा रात्रभर भिजवून पाट्यावर वाटायचा अन् त्यात मिसळायचा, मेथीनं चिकटपणा येते आणि कीड लागत नाही. मुलतानी माती असली तं थोडी घालायची. एखादं टोपलं किंवा गंज पालथा घालायचा, त्यावर ओलं फडकं, त्यावर लगदा बोटभर जाड थापायचा. सावलीत सुकवायचं, उन्हात ठेवलं का तडकते. चार-पाच दिवसांनी फडक्यासकट सोडवायचं. वरून परत मेथीचा हात फिरवायचा. आमच्या घरी चाळीस वर्षांची एक दुरडी आहे, तिच्यात अजून तुरीची डाळ ठेवतो. पाणी मात्र लागू द्यायचं नाही.

आता खाण्याच्या वस्तूसाठी करायचं तर छापील कागद नको असं मी आजीला म्हटलं, शाईचं. तर ती म्हणते मग कोऱ्या वहीचा कर, बाकीच्यात लसूण-कांदे ठेव. बरोबर आहे तिचं.

*

खामगावहून

देवाच्या फोटोंचं कोणीच लिहिलं नाही. आमच्या घरी जाळायचं कारण तेच होतं. गजानन महाराजांचा फोटो असलेलं कॅलेंडर, गणपती छापलेली पत्रिका भंगारात दिली तर पायदळी येईल, म्हणून आई हात जोडून अग्नीला द्यायची. नदीत सोडायचं म्हटलं तर उन्हाळ्यात नदीला पाणी कुठं असतं. आता आम्ही चित्र तेवढं कापतो, बादलीत पाण्यात ठेवतो, विरघळलं की ते जास्वंदीच्या बुडाशी. आई तेव्हाही हात जोडते. तिचं समाधान झालं हे माझ्यासाठी मोठं होतं.

*

वणी

बँकेच्या कागदांचंही हेच करा, पाण्यात भिजवून चोळा. मला एकदा एसटी स्टँडवर भजी ज्या कागदात मिळाली तो कोणाच्या तरी आधारची झेरॉक्स होता, खाली पीककर्जाच्या अर्जाचं पान, सही-अंगठ्यासकट. भजी गेली नाहीत घशाखाली. एक तर छापील कागदात खाण्याचं बांधायला २०१८ च्या अन्न पॅकेजिंगच्या नियमांनी मनाई आहे, आणि वरून त्या शेतकऱ्याचं सगळं उघड्यावर.

*

ग्रामपंचायत सदस्य होते मागच्या वेळी, जिल्हा सांगत नाही

घंटागाडीचं ऐकून बरं वाटलं पण आमच्या गावात ती गाडी वेशीबाहेर जाऊन सगळं ओतायची अन् संध्याकाळी तिथंच काडी लावायची. बाया घरात ओला-सुका वेगळा करत होत्या आणि तिकडं एकाच ढिगात पेटत होतं. मी सभेत विचारलं तर म्हणे जागा नाही, पैसा नाही. मग मी कागद काढून दाखवले, स्वच्छ भारत ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात ५,००० लोकसंख्येपर्यंतच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपयांपर्यंत तरतूद होती, आणि राष्ट्रीय हरित लवादानं, म्हणजे पर्यावरणाच्या खटल्यांच्या न्यायालयानं, २२ डिसेंबर २०१६ ला उघड्यावर कचरा जाळला तर ५,००० रुपये, मोठ्या प्रमाणात असला तर २५,००० रुपये दंड सांगितला आहे. दोन महिने भांडले तेव्हा एक पत्र्याचं शेड झालं. आता तिथं कागद वेगळा पडतो. प्लास्टिकचं अजून नीट नाही, तेही खरं.

*

लाखनी, भंडारा

साठवून ठेवणाऱ्यांनी उधईचं, म्हणजे वाळवीचं, लक्षात घ्या. मी वर्षभराची रद्दी कोठ्यात भिंतीला लावून रचली होती, पावसाळ्यानंतर गठ्ठा उचलला तर वरचं पान तेवढं शाबूत, आत सगळी माती. शेजारी तणसाचा ढीग होता, तिकडंही गेली असती. आता बल्ल्यांच्या मचाणीवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवतो आणि पावसाळा लागायच्या आत विकून टाकतो, भाव काहीही असो.

*

दर्यापूर (मी परत)

सगळं दोनदा वाचलं. कारंजाच्या भाऊंचं बचत गटाचं आमच्या गटात बोलून पाहिलं, सध्या सात घरं तयार आहेत, अंगणवाडीमागची पडवी मिळतेय का बघतेय. वजनकाटा माझ्याकडं आहे. पोत्यातून चकचकीत अन् थर्मल वेगळं काढता काढता अर्धी रात्र गेली, कप एवढे निघाले की मलाच धक्का बसला. वाईट इतकंच की त्यातले बरेच आम्ही आजवर पेटवत आलो, लेक त्याच अंगणात रांगली.

सासूबाईंना मी अचलपूरच्या आजींचं वाचून दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत. आज सकाळी पाहते तर न्हाणीजवळच्या माठात पेपरचे तुकडे भिजत पडलेत. आता त्या विचारताहेत, एका मध्यम दुरडीला मेथी किती घ्यायची? आजींना विचारून लवकर कळवा गं, दाणा आज रात्रीच भिजवायचा आहे.