अनुभव धागा: इंजिन ऑइल घेताना कंपनी बघता की ग्रेड?

ऑइल बदलायची वेळ आली की दुकानदार विचारतो, "कुठल्या कंपनीचं देऊ?" ग्रेड क्वचितच विचारतो. माझं मत असं की मॅन्युअलमधली ग्रेड (५डब्ल्यू-३० सारखा, ऑइल किती पातळ ते सांगणारा आकडा) आणि मानकं जुळत असतील तर कंपनी कुठलीही चालते; जुळत नसतील तर सगळ्यात महाग डबाही वाया. तुमचे अनुभव लिहा. गाडी कोणती आणि डब्यावर काय छापलं होतं, तेही सांगा.

दीडशे सीसी बाइक, पुणे
सर्व्हिसिंगनंतर खंबाटकीच्या चढाला इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी जागची हलायला तयार नाही. केबल ॲडजस्ट केली, फरक शून्य. गॅरेजवाल्यानं क्लच प्लेटांचा खर्च सांगितला. आमच्या गल्लीतल्या फिटरकाकांनी मात्र आधी विचारलं, ऑइल कुठलं घातलंय? निघालं कारचं! नामांकित, सिंथेटिक, महागडं. बाइकमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलमध्ये चालतात. कारच्या ऑइलमध्ये, विशेषतः पातळ ग्रेडमध्ये, घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. त्यानं पेट्रोल वाचतं, पण ओल्या प्लेटा घसरतात. म्हणून बाइकच्या डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (ऑइलमधल्या क्लचसाठीचं जपानी मानक) हवंच. काकांनी एमए२ घातलं, थोडं चालवून पुन्हा बदललं आणि क्लच धरायला लागला. प्लेटा अजून त्याच आहेत.

स्कूटर, कोल्हापूर
आमच्याकडे उलटं. क्लच कोरडा, ऑइलशी संबंध नाही, म्हणून जासो एमबी, म्हणजे त्याच मानकातला कमी घर्षणाचा वर्ग. साधंच घेते, वेळेवर बदलते, तक्रार नाही.

बीएस६ डिझेल, नागपूर
डीपीएफवाल्यांनी, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असलेल्यांनी, हे नीट वाचा. फिल्टरमधली काजळी उष्णतेनं जळून जाते, पण ऑइलमधल्या धातूयुक्त ॲडिटिव्हची राख जळत नाही, साचत जाते. म्हणून कमी राखेचं ऑइल लागतं. माझ्या मॅन्युअलमध्ये एसीईए सी३ (युरोपीय मानकातला अशाच ऑइलचा वर्ग) लिहिलंय. "ट्रकला चालतं ते हिला चालेल" असं कुणी म्हणालं तर गाडी तिथून काढा.

कॅलगरी, कॅनडा
इथे हिवाळ्यात ग्रेडच्या आकड्यांचा अर्थ हातापायांना कळतो. थंडीत स्टार्टरला इंजिन फिरवता येईल का, याची चाचणी ५डब्ल्यू (डब्ल्यू म्हणजे विंटर) ऑइलसाठी उणे ३० अंशांवर होते, ०डब्ल्यूसाठी उणे ३५ वर. मी स्टोअरच्या घरच्या ब्रँडचं ०डब्ल्यू-२०, एपीआय एसपी (अमेरिकन मानक) वापरतो. पहाटे गाडी विनातक्रार सुरू होते.

स्पेअर पार्टचं दुकान, नाशिक
ग्रेडचं पटतं, पण मी कंपनीही बघायला सांगेन, कारण डब्यावरची अक्षरं खोटीही असू शकतात. नामांकित कंपनीचे रिकामे डबे भंगारातून चांगल्या भावानं उचलले जातात आणि भलतंच भरून परत येतात. ऑइल ओतून झालं की गिऱ्हाइकासमोरच मी डब्याला स्क्रूड्रायव्हरनं भोक पाडतो. तुम्हीही मेकॅनिककडून तसं करून घ्या. बिल मागा आणि सुटं ऑइल घेऊच नका.

जर्मन कार, ठाणे
एक भर घालतो. डब्यावर फोक्सवॅगन ५०२ ०० सारखा क्रमांक दिसला की त्याआधीचे शब्द वाचा. "मान्यताप्राप्त" म्हणजे कारकंपनीनं ते ऑइल तपासून मंजूर केलंय. "गरजा पूर्ण करते" हा ऑइलवाल्याचा स्वतःचा दावा. वॉरंटी आहे तोवर मी पहिलंच घेतो, मग कंपनी कुठलीही असो.