आईची बीपीची गोळी आणि ‘चिठ्ठी कुठाय?’

पर्वतीपायथा

परवा रात्री साडेनऊला कर्वे रस्त्यावरच्या एका मेडिकलमध्ये गेले होते. आईची अम्लोडिपिनची पट्टी संपली होती. बारा वर्षं तीच गोळी, तीच पाच एमजी, बहुतेक वेळा याच दुकानातून. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, चिठ्ठी? मी मोबाइलमधला फोटो दाखवला. तारीख २०२२ ची. "ही नाही चालणार मॅडम, एफडीएवाले फिरतायत सध्या."

एफडीए म्हणजे मेडिकलं तपासणारं राज्याचं अन्न व औषध प्रशासन. ठीक आहे, नियम म्हणजे नियम. पण मी पर्स बंद करेपर्यंत शेजारच्या माणसानं "घसा धरलाय, तीन दिवसांचं काहीतरी दे" म्हटलं आणि त्याला अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्यांची पट्टी मिळाली. बिलसुद्धा नाही.

माझं म्हणणं एवढंच. आयुष्यभर घ्यायच्या गोळीला आणि तीन दिवसांच्या अँटिबायोटिकला एकच दांडका नको. बीपी, शुगर यांची चिठ्ठी एकदा दिली की वर्षभर चालावी, आणि हे सरकारनं कायद्यात स्वच्छ लिहावं. अँटिबायोटिक, स्टेरॉइड, झोपेच्या गोळ्या यांच्यावर हवी तेवढी सक्ती करा, मी टाळ्या वाजवीन. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला दर महिन्याला रिक्षा करून दवाखान्यात नेण्यात कुणाचं भलं होतं?

नाना_पेठेतला

दवाखान्याचं होतं. पुढचा प्रश्न?

काउंटरमागून

सिंहगड रस्त्याला बावीस वर्षं दुकान आहे, म्हणून लिहितो. ताई, तुमच्या दुकानदारानं एकाच रात्री दोन उलट गोष्टी केल्या. त्याचं समर्थन नाही. पण तुम्ही जो कायदा मागताय तो आहेच.

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा, नियम १९४५ चे. त्यातला ६५ वा नियम आम्हा केमिस्टांचा हनुमानचालिसा. चिठ्ठी किती महिने चालते असा आकडा त्यात नाही. त्यात असं आहे की शेड्यूल एच, एच-वन आणि एक्स (चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांच्या याद्या, एकीपेक्षा एक कडक) यांतल्या औषधांची चिठ्ठी एकदाच वापरायची. मात्र डॉक्टरनं ‘पुन्हा द्यावे’ असं लिहिलं असेल, किती वेळा किंवा किती दिवसांनी ते लिहिलं असेल, तर तितक्या वेळा द्यायचं. म्हणजे तुमच्या डॉक्टरांनी ‘सहा महिने रिपीट’ एवढे तीन शब्द लिहिले की प्रश्न मिटला. बावीस वर्षांत असं लिहिलेल्या चिठ्ठ्या मी हाताच्या बोटांवर मोजल्यात.

आणखी एक गंमत. औषध दिलं की दुकानाचं नाव, पत्ता, तारीख चिठ्ठीवर डॉक्टरच्या सहीच्या वर नोंदवायची, हेही नियमात आहे. शिक्का मारायला गेलं की गिऱ्हाईक अंगावर येतं, "अहो, चिठ्ठी खराब केलीत!"

जाता जाता, मेटफॉर्मिन शेड्यूल जी मध्ये आहे. तिथं ‘डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यावे’ असा इशारा छापायचा असतो, चिठ्ठीचं बंधन एचइतकं नाही. शुगरची गोळी एका खणात, बीपीची दुसऱ्या. आमच्या काउंटरवरच्या पोरांना हे माहीत नसतं, तर गिऱ्हाइकाला काय सांगणार.

ओपीडी_सकाळची

मी फॅमिली फिजिशियन आहे, बिबवेवाडीला. वर्षभर? अजिबात नको.

‘बारा वर्षं तीच गोळी’ हे वाक्य ऐकलं की मला धडकी भरते. माझ्याकडे एक आजोबा आले होते. अम्लोडिपिन चालू, पायांना सूज. ही त्या गोळीचीच खोड आहे, बऱ्याच जणांना येते. घरच्यांनी मेडिकलमध्ये विचारलं, तिथून लघवीची गोळी मिळाली. सूज उतरेना म्हणून ती दुप्पट केली. माझ्याकडे आणलं तेव्हा आजोबा मुलाला नावानं ओळखत नव्हते. सोडियम खाली गेलेलं. करायचं होतं काय? पहिली गोळी बदलायची. एक बीपी मोजलं असतं, एक प्रश्न विचारला असता तर पुरलं असतं.

बीपीची गोळी निरुपद्रवी वाटते कारण ती हळू त्रास देते. वयाबरोबर किडनी बदलते, वजन उतरतं, गुडघ्यासाठी कुणीतरी पेनकिलर सुरू करतं. सहा महिन्यांतून एकदा तरी कुणी तपासायला नको का?

पर्वतीपायथा

डॉक्टर, तुमचे आजोबा माझ्याच बाजूनं साक्ष देतायत. घोटाळा जुनी गोळी पुन्हा दिल्यानं झाला नाही, नवी गोळी चिठ्ठीशिवाय दिल्यानं झाला. मी जुनीच मागत होते.

आणि एक सरळ विचारू? काउंटरमागून म्हणतात ते तीन शब्द तुम्ही लिहिता का?

ओपीडी_सकाळची

नाही लिहीत. लपवत नाही. कॉलेजात कुणी शिकवलं नाही, सीनियरांना लिहिताना पाहिलं नाही. आणि हो, पेशंट परत यावा हेही त्यात असतंच, त्याला फक्त फीचा वास लावू नका. परत आला नाही तर मला कसं कळणार की त्याचं बीपी १८० झालंय?

सहा महिने असेल तर मी तुमच्या बाजूनं. वर्षाला नाही.

बी_फार्म_रिकामा

सगळे चिठ्ठीवर बोलताय. चिठ्ठी वाचणारा कोण, ते बोला. फार्मसी कायदा १९४८ चा, कलम ४२. नोंदणीकृत फार्मासिस्टनंच औषध द्यायचं. तुमच्या दुकानातल्या ‘मुलानं’ डी.फार्म. केलंय का, विचारलंत ताई? भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये ज्याचं सर्टिफिकेट टांगलंय तो माणूस कधी पाहिलाय? मला पास झाल्यावर पहिली ऑफर आली ती ‘लायसन्स लावायची’. महिन्याला पैसे घ्यायचे, दुकानात यायचं नाही. नाही म्हटलं, म्हणून आयडी असा आहे.

महेश झगडे एफडीएचे आयुक्त होते तेव्हा फार्मासिस्ट नसलेल्या दुकानांवर धडाक्यानं कारवाई झाली. केमिस्टांनी बंद पुकारले, मोर्चे काढले. ते गेले, फ्रेम राहिल्या.

काउंटरमागून

हे लागलं, कारण खरं आहे. माझ्याकडे मी स्वतः फार्मासिस्ट आहे आणि दुसरा पगारी ठेवलाय. पण हिशेबही ऐका. किंमत बांधून दिलेल्या औषधांवर किरकोळ दुकानदाराचं मार्जिन १६ टक्के. त्यातून भाडं, लाइटबिल, फ्रीज, आणि आता गिऱ्हाईक मोबाइल दाखवून म्हणतं, "अ‍ॅपवर वीस टक्के सूट आहे, तुम्ही किती देता?" सकाळी आठ ते रात्री अकरा म्हणजे दोन पाळ्या. दोन फार्मासिस्टांचा पगार गल्लीतलं दुकान कुठून काढणार? चोरीचं समर्थन करत नाहीये. चोरी का होते ते सांगतोय.

बी_फार्म_रिकामा

परवडत नसेल तर किराणा टाका ना काका. रिक्षावाल्यानं लायसन्सवाल्याचा फोटो पुढे लावून रिक्षा चालवली तर तुम्ही बसाल?

नाना_पेठेतला

पुण्यात? मीटरनं येत असेल तर बसेन.

वारजेकर

मी याच कारणासाठी दुकानात जाणं सोडलं. अ‍ॅपवर गोळ्या टाकल्या, चिठ्ठी नाही म्हणून ‘डॉक्टर फोन करतील’ वर टिक केलं. पाच मिनिटांत फोन, वय विचारलं, अ‍ॅलर्जी विचारली, चिठ्ठी तयार. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये फोनवरून चिठ्ठी देता येते, एक्ससारखी औषधं सोडून. सगळं रीतसर.

ओपीडी_सकाळची

बीपी मोजलं का त्या फोननं?

वारजेकर

नाही. पण मेडिकलवाल्यानं तरी कुठं मोजलं असतं?

काउंटरमागून

आणि रीतसर कसलं? ऑनलाइन औषधविक्रीच्या नियमांचा मसुदा ऑगस्ट २०१८ मध्ये आला, त्याच डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयानं विनापरवाना ऑनलाइन विक्री थांबवायला सांगितलं. मसुदा पक्का काही होईना, गाड्या मात्र पळतायत. मार्च २०२० मध्ये कोविडसाठी घरपोच औषधाची सवलत दिली, तिचं बोट धरून सगळे आत शिरले. मला एच-वनचं रजिस्टर वेगळं ठेवायचं, डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, नग, आणि तीन वर्षं सांभाळायचं. इन्स्पेक्टर येऊन ते माझ्या काउंटरवर चाळतो. अंधाऱ्या गोदामातून पिशवी निघते तिथं कोण काय चाळतं?

ताईंच्या अ‍ॅझिथ्रोमायसिनबद्दलही सांगतो. ते एच-वनमध्ये नाहीच, साध्या एचमध्ये आहे. सेफिक्झिम, लिव्होफ्लॉक्सॅसिन ही अँटिबायोटिक, टीबीची औषधं, ट्रॅमाडॉल हे पेनकिलर, अल्प्राझोलाम ही झोपेची गोळी, ही सगळी एच-वन, १ मार्च २०१४ पासून. त्यामुळे रजिस्टरला घाबरणारा दुकानदार सेफिक्झिम देत नाही, अ‍ॅझिथ्रो बिनधास्त देतो. चिठ्ठी दोन्हींना लागते. धाक एकाचाच आहे.

ओपीडी_सकाळची

आणि म्हणूनच सक्ती वाढवा म्हणते मी, सैल नको. खोकल्याला कुणीतरी लिव्होफ्लॉक्सॅसिन देतं, चार दिवस बरं वाटतं, कारण ते टीबीच्या जंतूलाही थोडं दाबतं. निदान लांबतं, तोवर घरातली दोन माणसं खोकायला लागतात.

गजकर्णाचं तर विचारूच नका. स्टेरॉइड मिसळलेलं थ्री-इन-वन क्रीम लावून लावून कातडी कागदासारखी झालेले कॉलेजचे पोरगे येतात. स्टेरॉइडची १४ क्रीमं मार्च २०१८ मध्ये शेड्यूल एचमध्ये घातली. तुमच्या सोसायटीत किती जणांनी चिठ्ठी दाखवून ट्यूब घेतली, विचारून पाहा.

निळी_छत्री

सक्ती वाढवा म्हणणाऱ्यांसाठी दुसरी बाजू. मी नर्स आहे, बायकांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या गटाबरोबर जाते.

गर्भपाताच्या गोळ्यांचं किट चिठ्ठीवर मिळणारं, कायदेशीर औषध आहे. नऊ आठवड्यांपर्यंत वापरतात. आपल्या राज्यात गर्भलिंगनिदानाविरुद्ध मोहीम सुरू झाली तेव्हा याच किटच्या विक्रीवर एफडीएची नजर बसली. खरं तर नऊ आठवड्यांत सोनोग्राफीवर लिंग दिसतच नाही. पण प्रत्येक किटचा हिशेब, प्रत्येक चिठ्ठीची चौकशी. दुकानदारांनी काय केलं? कुणी जास्त काळजीपूर्वक विकलं नाही. ठेवणंच बंद केलं. डॉक्टरची ताजी, सही-शिक्क्याची चिठ्ठी घेऊन बाई शहरातली मेडिकलं फिरते आणि ‘नाही’ ऐकते. मग कुणाच्या तरी ओळखीनं, दुप्पट पैशांत, बिलाशिवाय, कुठली कंपनी ते न बघता घेते.

डॉक्टर, धाक बसला की चुकीची विक्री थांबेलच असं नाही. कधीकधी नुसतं औषधच गायब होतं.

काउंटरमागून

खरंय. मीही ठेवत नाही. दोन हजारांच्या विक्रीसाठी वीस चकरा कोण मारणार. लिहिताना बरं वाटत नाहीये.

पण उलटंही पाहिलंय. मेफेन्टरमाइनचं इंजेक्शन भूल देताना बीपी पडलं तर वापरायचं, ते आपल्याच शहरात जिममधल्या पोरांना विकताना माणसं पकडली गेलीत. तिथं कुणाची नजर नव्हती तेव्हा काय झालं तेही बघा.

डोंगरकडा

पुणेकरांनो, पुणे जिल्हा कात्रजच्या बोगद्याला संपत नाही. मी वेल्ह्याच्या वरच्या अंगाला शाळेत आहे. चिठ्ठी चिठ्ठी करताय, लिहिणारा कोण? पावसाळ्यात रस्ता गेला की एमबीबीएस डॉक्टर टीव्हीवरच दिसतो. आमच्याकडे बीएएमएस, नाहीतर होमिओपॅथ.

आणि तिथं सरकारनंच गोंधळ घातलाय. २०१४ मध्ये राज्यानं कायदा बदलला, होमिओपॅथनं औषधशास्त्राचा एक वर्षाचा सीसीएमपी कोर्स केला तर त्याला ठराविक अ‍ॅलोपॅथी औषधं लिहिता येतील म्हणून. आयएमए, म्हणजे अ‍ॅलोपॅथी डॉक्टरांची संघटना, कोर्टात गेली. डिसेंबर २०२४ मध्ये एफडीएनं केमिस्टांना कळवलं की यांच्या चिठ्ठीवर औषध द्या. पुढल्या वर्षी मेडिकल कौन्सिलमध्ये त्यांची नोंदणी करायचं निघालं, थांबलं, परत निघालं, आणि १८ सप्टेंबर २०२५ ला डॉक्टरांनी संप केला. आता आमच्या बाजारातल्या केमिस्टनं काय करायचं? चिठ्ठी आणली तरी विचारतो, "कोणत्या डॉक्टरची?"

ओपीडी_सकाळची

त्या संपात मीही ओपीडी बंद ठेवली होती. एका वर्षाच्या कोर्सनं हृदयाची औषधं लिहायची म्हणजे आगीशी खेळ. साडेपाच वर्षं आम्ही उगाच घासली का?

डोंगरकडा

मग या वेल्ह्याला. राहायची सोय मी करतो. खोली आहे, गावचं दूध आहे.

ओपीडी_सकाळची

(अंगठा दाखवते, कुठला ते सांगत नाही.)

पर्वतीपायथा

तीन दिवसांनी परत येतेय, कारण प्रयोग करून पाहिला. आईला घेऊन डॉक्टरांकडे गेले. बीपी १५६. म्हणजे, ओपीडी_सकाळची, तुमचा एक गुण मान्य. गोळी बदलली नाही, दुसरी थोडी जोडली. मग मी म्हटलं, "डॉक्टर, खाली ‘सहा महिने, दर महिन्याला पुन्हा द्यावे’ असं लिहाल का?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं की मी त्यांच्याकडे मृत्युपत्र लिहून मागितलंय. पण लिहिलं. वर्षभराची मागणी मी मागे घेतली, सहा महिन्यांवर ठाम आहे. आणि कायद्यात आहे तर एफडीएनं ‘पुन्हा द्यावे’चा फलक प्रत्येक दवाखान्यात लावावा. मेडिकलमध्ये ‘चिठ्ठीशिवाय औषध मिळणार नाही’ लावतात, तसा.

त्याच दुकानात गेले. तोच मुलगा. चिठ्ठी दिली, त्यानं दोनदा वाचली, औषध काढलं. मी म्हटलं, आता यावर शिक्का आणि तारीख मार, नियम आहे. त्यानं आतल्या माणसाला हाक मारली. आतला माणूस बाहेर आला. दोघांनी मिळून कागद उलटसुलट करून पाहिला आणि मला विचारलं, "मॅडम, कुठं मारायचा असतो?"

काउंटरमागून

सहीच्या वर. बावीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

नाना_पेठेतला

आणि चिठ्ठी खराब झाली की भांडायला पर्वतीपायथ्यानं यायचं.