मदत हवी आहे : कसबा पेठेतील वाड्यांसाठी बांधकाम परवानग्यांना तात्पुरती स्थगिती मिळू शकते का?

आमच्या गल्लीतला शेजारचा वाडा गेल्या महिन्यात पाडला गेला. सागवानी खांब आणि नक्षीदार तुळया टेम्पोत भरून गेल्या, दगडी जोते तेवढे उरले आहे. शनिवारवाडा केंद्र संरक्षित असल्याने त्याभोवतीचे १०० मीटर प्रतिबंधित आणि पुढील २०० मीटर नियंत्रित क्षेत्र आहे, परंतु आमची गल्ली त्याबाहेर पडते. कायमची बंदी मी मागत नाही (गळक्या छपराखालच्या भाडेकरूंचे हाल रोज पाहतो). वाड्यांची पाहणी पूर्ण होईपर्यंत नव्या परवानग्या थांबवण्याचे निर्देश राज्य शासन महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १५४ खाली महापालिकेला देऊ शकते का, की कलम ३७ खाली विकास आराखड्यातच फेरबदल मागावा लागेल? कोणी असा अर्ज केला असल्यास कृपया मार्गदर्शन करावे.