पगाराच्या आकड्याआधी घराचं बघा

वर एका भावानं लिहिलंय, न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजिस्टला (किरणोत्सर्गी औषध देऊन स्कॅन काढणाऱ्याला) कोल्हापुरात पगार कमी, सरळ मुंबई गाठा. पगार कमी, हे कबूल. पण मुंबईत मी दोन वर्षं काढली. वाढीव पगार घरभाडं आणि डिपॉझिटातच जिरायचा. इथं कोल्हापुरात राजारामपुरीतनं दहा मिनिटांत ड्युटीवर, दुपारी घरचं जेवण. (गंगावेशीतल्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध हिशेबात धरलेलंच नाही.)

खरी मेख वेळेची. पेट स्कॅनला टोचतात त्या एफडीजी औषधातल्या किरणोत्सर्गी फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य ११० मिनिटं, म्हणजे तेवढ्या वेळात ते निम्मं होतं. पुण्याहून गाडीनं डोस मागवला आणि वाटेत पावणेचार तास गेले, की चौथा हिस्साच उरतो. म्हणजे गाडी पहाटे निघणार, ती पोचायच्या आत तुम्ही हजर, आणि घाटात ट्रॅफिक लागलं तर पेशंट उपाशीपोटी तुमच्याच तोंडाकडं बघत बसणार. दुसऱ्या स्कॅनना लागणाऱ्या टेक्नेशियमचं बरं, निम्मं व्हायला सहा तास तरी घेतं.

तेव्हा मुलाखतीत पगाराबरोबर हेही विचारा : ड्युटी किती वाजता सुरू, जास्तीच्या तासांचे पैसे मिळतात का, आणि टीएलडी बॅजचे (अंगावर किती किरणोत्सर्ग पडला ते मोजणाऱ्या बिल्ल्याचे) रिपोर्ट हातात देतात का. माझ्या आधीच्या ठिकाणी ते मागून मागून दमलो होतो.