पद्मिनीची चाकं: पावडर कोटिंग करू की रंगच मारू?

नमस्कार मंडळी, बाबांची प्रीमियर पद्मिनी आहे, ठाण्यात कोलशेतला असतो आम्ही, बाजूलाच खाडी, त्यामुळे पाचही चाकांना गंज चढलाय आणि रिम आणि मधली डिस्क जुळते तिथे तर पापुद्रे सुटायला लागलेत. हॉटेलच्या खुर्च्यांना वगैरे पावडर कोटिंग (म्हणजे रंगाची कोरडी पावडर मारून ती भट्टीत भाजणं) करणारा एकजण म्हणाला टाका इथे, दोन दिवसात देतो. भट्टीत तापवल्याने लोखंड कमजोर होतं का? आणि जुन्या गाडीला ते शोभेल का? बाबांना गाडी होती तशीच दिसायला हवीय.

रबाळेवाला: दादा, स्टीलची चाकं आहेत, घाबरू नका. पावडर साधारण १८० ते २०० डिग्रीला भाजतात, चाक तेवढं तापलं की पुढे १०-१५ मिनिटं, एवढ्याने स्टीलला काही होत नाही. अलॉय व्हील (ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं चाक) असतं तर वेगळं, तिथे जास्त उष्णतेने ताकद कमी होऊ शकते म्हणून तापमान आणि वेळ दोन्ही बघावं लागतं. तुमचा खरा प्रश्न भट्टीचा नाहीच, खालच्या तयारीचा आहे. आधी टायर, ट्यूब, वजनं सगळं काढा, टायरवाल्याकडे चाक फिरवून बेंड बघा आणि गंजाचे पापुद्रे निघाल्यावर पत्रा किती उरलाय ते बघा. तडा असेल किंवा पत्रा पातळ झाला असेल तर ते चाक भंगारातच, वर कितीही छान रंग दिला तरी. हे ब्लास्टिंगनंतरच (बारीक खड्यांचा जोरात मारा करून गंज काढल्यावरच) नीट कळतं, म्हणून त्या दिवशी स्वतः तिथे हजर राहा.

जुनी_फियाट: वरचं सगळं बरोबर, फक्त एक गोष्ट राहिली आणि तीच मला नडली. माझ्या चाकांवर कोटिंगवाल्याने हबला टेकणाऱ्या भागावर आणि नट बसतात त्या तिरक्या कडांवरही पावडर मारली, एका थराची जाडी ६०-८० मायक्रॉन, नट आवळले तेव्हा घट्ट वाटले पण पुढे पावडर दबली आणि नट ढिले झाले, घोडबंदर रोडवर स्टेअरिंग थरथरायला लागलं तेव्हा लक्षात आलं. बायको आणि मुलगी गाडीत होती हो! त्यामुळे त्या जागा मास्किंग करून (झाकून) कोऱ्या ठेवायला सांगा, लेखी द्या, आणि चाक लावल्यावर ५०-१०० किमीनंतर टॉर्कचा पाना (ठरावीक जोराने आवळणारा) लावून परत आवळा. हे कृपया विसरू नका.

वागळे_इस्टेट: आणि खड्ड्यांत लांबी (पुट्टी) भरू नका खाली, साधी लांबी भट्टीत टिकत नाही, फुगते नाहीतर तडकते. खड्डे दिसतील तर दिसू द्या. पावसाळ्यात करत असाल तर सकाळी ब्लास्टिंग आणि त्याच दिवशी कोटिंग, आपल्याकडच्या दमट हवेत उघडं लोखंड रात्रभर ठेवलं की सकाळी तांबूस झालेलं असतं. खाली झिंकवाला इपॉक्सी थर मागा, त्यावर रंग. नुसत्या एका थरात दगडाने टवका उडाला की पाणी आत शिरतं आणि पावडरखाली गंज गुपचूप पसरतो, वरून चकचकीतच दिसतं. बाबांना जुनंच रूप हवंय तर इपॉक्सी प्रायमर आणि टू-के पेंटही (हार्डनर मिसळून मारायचा रंग) उत्तम, टवका उडाला तर घरच्या घरी ब्रशने टच-अप होतो. मी स्वतः तेच करेन.

कोलशेतकर (प्रश्नकर्ता): सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना वाचून दाखवलं, ते म्हणाले पेंटच मारूया, आणि सिल्व्हर जास्त चकाकणारा नको. शनिवारी पाचही टायर उतरवतोय, पत्र्याचे फोटो इथेच टाकतो, कोणतं चाक ठेवायचं ते जरा बघून सांगा.