अवे मॅचला जाताय? तिकीट, गाडी, व्हिसा आणि परतीची वाट : अनुभव धागा

धागाकर्ता:
इंग्लंडमध्ये शिकायला-नोकरीला गेलेली आणि तिथल्या फुटबॉलने पछाडलेली बरीच मंडळी इथे आहेत. घरच्या मैदानावरच्या सामन्याला फारसं डोकं लागत नाही. संघाच्या मागे दुसऱ्याच्या गावात जायचं म्हटलं की मात्र सामना एका तारखेला, गाडी दुसऱ्या तारखेची आणि हॉटेलचे पैसे पाण्यात, असं हमखास होतं. काय कधी बुक करायचं, कुठे फसतं आणि का फसतं, एवढंच लिहा. प्रवासवर्णनं आणि 'काय तो माहोल' नको, त्याचे धागे वेगळे आहेत.

रांग चौदा:
तिकिटापासून सुरू करतो. पाहुण्यांच्या वाट्याला मुळातच थोडी तिकिटं येतात. प्रीमियर लीगमध्ये ३,००० किंवा मैदानाच्या क्षमतेच्या १० टक्के, यातलं जे कमी असेल ते. एफए कपमध्ये (इंग्लंडची बाद पद्धतीची स्पर्धा) पाहुणा क्लब १५ टक्क्यांपर्यंत मागू शकतो. युएफाच्या (युरोपच्या फुटबॉल संघटनेच्या) स्पर्धांमध्ये किमान ५ टक्के. म्हणजे मोठ्या क्लबाचे लाखभर मेंबर आणि खुर्च्या तीन हजार. ही तिकिटं पाहुणा क्लबच आपल्या मेंबरांना विकतो. यजमान क्लबाच्या साइटवर शोधत बसू नका.

विक्री लॉयल्टी पॉइंटच्या (आधी पाहिलेल्या सामन्यांबद्दल क्लब देतो त्या गुणांच्या) उतरंडीने होते. आधी सर्वाधिक पॉइंटवाले, मग त्याखालचे, आणि उरलीच तर सगळ्या मेंबरांना. काही क्लब थोडी तिकिटं सोडतीने देतात. नव्या माणसाने पहिल्याच वर्षी डर्बीच्या (शेजारच्या प्रतिस्पर्ध्याशी होणाऱ्या सामन्याच्या) मागे लागू नये. लीग कपची (ही दुसरी बाद स्पर्धा) सुरुवातीची फेरी किंवा मंगळवारी रात्री तीनशे मैलांवरचा सामना, अशा ठिकाणी पॉइंटची अट झपाट्याने खाली येते. तिथूनच पॉइंट साठतात. मेंबरशिप मोसम सुरू होण्याआधी घ्या आणि विक्रीच्या तारखा कॅलेंडरमध्ये टाका. विक्री बहुतेक वेळा सकाळी ठरावीक वाजता उघडते, पाच मिनिटं उशीर झाला की संपलं.

प्रीमियर लीगमध्ये अवे तिकिटाला २०१६-१७ पासून ३० पौंडांची कमाल मर्यादा आहे. युरोपात २०२५-२६ साठी चॅम्पियन्स लीगला ५० युरो, युरोपा लीगला ३५, कॉन्फरन्स लीगला २०. कोणी याहून जास्त मागत असेल तर ते तिकीट सरळ मार्गाने आलेलं नाही. इंग्लंड-वेल्समध्ये परवानगीशिवाय फुटबॉलचं तिकीट पुन्हा विकणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, मग मूळ किमतीला का विकेना.

उशिराची गाडी:
तिकीट मिळालं म्हणून लगेच रेल्वे बुक करू नका. जूनमध्ये लीगचं वेळापत्रक येतं तेव्हा जवळजवळ प्रत्येक सामना शनिवारी दुपारी ३ ला दिसतो. ती वेळ लग्नपत्रिकेतल्या मुहूर्ताइतकीच खरी. ब्रिटनमध्ये शनिवारी २:४५ ते ५:१५ फुटबॉलचं थेट प्रक्षेपण बंद असतं, त्यामुळे टीव्हीला हवा असलेला सामना ३ वरून हलवावाच लागतो. मग शुक्रवार रात्री ८, शनिवार १२:३० किंवा ५:३०, रविवार २ किंवा ४:३०, नाहीतर सोमवार रात्री ८. या निवडी साधारण पाच-सहा आठवडे आधी जाहीर होतात, कधी त्याहून उशिरा.

टीव्हीची घोषणा झाली की संपलं असं नाही. दोन गोष्टी तारीख परत हलवतात. एक, दोघांपैकी कोणी गुरुवारी युरोपात खेळत असेल तर सामना रविवारी जातो. दोन, कोणीतरी कपमध्ये पुढे गेलं आणि ती फेरी त्याच शनिवार-रविवारी आली, तर लीगचा सामना पार दुसऱ्याच महिन्यात. लोक फक्त आपल्या संघाचं वेळापत्रक पाहतात. समोरच्याचंही पाहा.

आता रेल्वे. ॲडव्हान्स तिकीट स्वस्त, पण त्या एका गाडीला बांधलेलं. परतावा मिळत नाही. गाडी सुटायच्या आधी बदलता येतं, मात्र शुल्क आणि भाड्यातला फरक भरून. जाताना ॲडव्हान्स चालेल, कारण जायची वेळ आपल्या हातात असते. येतानाची वेळ पंचाच्या हातात असते. दोन्ही बाजू जमेस धरून ऑफ-पीक (गर्दीची वेळ सोडून) रिटर्नचा भाव आधी काढा. बऱ्याच मार्गांवर ऑफ-पीकचं एकेरी तिकीट परतीसकटच्या तिकिटापेक्षा थोडंसंच स्वस्त असतं, त्यामुळे 'जाताना हे, येताना ते' हा हिशेब अंगलट येतो. तीन ते नऊ जण एकत्र असाल तर बऱ्याच कंपन्यांच्या गाड्यांवर ग्रुपसेव्हने ऑफ-पीक भाड्यात एक तृतीयांश सूट मिळते, रेलकार्ड (रेल्वेचं सवलत कार्ड) नसलं तरी.

रविवारचा सामना असेल तर रुळांची कामं आधी तपासा. गाडीऐवजी बस लावलेली असली तर दीड तासाचे तीन तास होतात.

शून्य-शून्य:
परतीच्या वेळेत लोकांचं गणित कुठे चुकतं ते मांडतो. रात्री ८ चा सामना. ४५ मिनिटं अधिक भरपाईची तीनेक, मध्यंतर १५, परत ४५ अधिक पाच-सहा. शिट्टी वाजेपर्यंत ९:५५. स्टँड रिकामा व्हायला दहा मिनिटं. नकाशात १२ मिनिटं दाखवणारा रस्ता गर्दीबरोबर २५ चा होतो, आले १०:३०. स्टेशनबाहेर पोलीस रांगा लावतात, तिथे वीस. म्हणजे ११ च्या आतली कुठलीही गाडी हा जुगार आहे. शेवटची लांब पल्ल्याची गाडी बहुतेक मार्गांवर याच्या आधीच सुटलेली असते. आठवड्याच्या मधल्या रात्रीला म्हणूनच मुक्काम धरा, नाहीतर सपोर्टर्स क्लबची बस.

कपचा सामना असेल तर याच्या वर आणखी पाऊण तास. एफए कपमध्ये पहिल्या फेरीपासूनचे रिप्ले (बरोबरीनंतर पुन्हा खेळवायचे सामने) २०२४-२५ पासून बंद झाले, त्यामुळे बरोबरी झाली की त्याच रात्री जादा वेळ आणि पेनल्टी. लीग कपच्या सुरुवातीच्या फेऱ्यांत ९० मिनिटांनंतर थेट पेनल्टी, तिथे पंधरा-वीस मिनिटं पुरतात. युरोपात अवे गोलचा नियम (एकूण बरोबरी झाली तर परक्या मैदानावरचे गोल वरचढ) २०२१-२२ पासून गेला, म्हणून दुसऱ्या लेगला (दोन सामन्यांच्या जोडीतल्या दुसऱ्या सामन्याला) १२० मिनिटं धरूनच आखणी करा.

डावा विंगर:
बसबद्दल. सपोर्टर्स क्लबची बस तिकिटाच्या मानाने महाग वाटते, पण सामना संपेस्तोवर थांबते, हे लाख मोलाचं. सामन्याला नेणाऱ्या अशा बसमध्ये दारू बाळगणं १९८५ च्या कायद्याने गुन्हा आहे. मागच्या सीटवरच्या पिशवीत दोन कॅन निघाले तरी अख्खी बस खोळंबते. बस कुठे उभी आहे त्याचा फोटो आणि नंबरप्लेट टिपून ठेवा. अंधारात एकसारख्या वीस पांढऱ्या बस दिसतात.

रांग चौदा:
+१. आणि मैदानाची माहिती चालू मोसमाची आहे ना ते बघा. एव्हर्टनचा पुरुष संघ २०२५ मध्ये गुडिसन पार्क सोडून गोदीवरच्या नव्या स्टेडियमवर गेला. जुनी गाइड वाचून लोक अजून जुन्या मैदानाच्या वॉल्टन भागाकडे निघतात. आता जवळचं स्टेशन सँडहिल्स. ब्रायटनला फाल्मर स्टेशन मैदानाला चिकटून आहे, आणि म्हणूनच सामन्यानंतर सगळे तिथेच. अर्धा-पाऊण तास रांग धरून चाला. न्यूकासलला उलट, सेंट जेम्स पार्क शहराच्या मधोमध, रेल्वे स्टेशनपासून पायी पंधरा मिनिटं. पण पाहुण्यांची जागा वर्षानुवर्षं लीझेस एंड या स्टँडच्या सर्वांत वरच्या मजल्यावर, चौदा जिने चढून. गुडघे दुखत असतील तर लिफ्टची सोय आधी विचारा.

व्हिसावाला:
भारतीय पासपोर्टवर युरोपातला अवे सामना म्हणजे तिकिटाआधी व्हिसा. चॅम्पियन्स लीगचा ड्रॉ (कोण कोणाशी खेळणार याची सोडत) ऑगस्टच्या शेवटी निघतो आणि पहिले सामने सप्टेंबरच्या मध्यात. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या किमान १५ दिवस आधी द्यावा लागतो, निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात आणि अपॉइंटमेंट मिळण्याचे दिवस वेगळेच. ड्रॉ झाल्यावर धावपळ केली तर पहिला अवे सामना हातचा गेला म्हणून समजा. अर्ज सहा महिने आधीपर्यंत करता येतो. त्यामुळे उन्हाळ्यात एखादी खरीखुरी सहल आखून त्या देशाकडे अर्ज करा आणि मल्टिपल एंट्री मागा. मिळाला तर त्याच्या मुदतीत पुढच्या वाऱ्या भागतात, फक्त १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा सांभाळा. फी मोठ्या माणसाला ९० युरो.

दोन खाचा. डब्लिनच्या सामन्याला शेंगेन चालत नाही, आयर्लंडचा व्हिसा वेगळा. आणि ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांचा ई-व्हिसा चालू पासपोर्टला जोडलेला हवा. पासपोर्ट नवा केला आणि खात्यात नंबर बदलला नाही, तर येताना विमानाच्या काउंटरवर अडवतात.

तिसरा मजला:
युरोपातल्या रात्रीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इंग्लंडची सवय तिथे उपयोगी पडत नाही.

पैसे भरले की तिकीट फोनवर येतं असं नाही. काही सामन्यांना क्लब फक्त व्हाउचर देतो. ते घेऊन त्या शहरातल्या ठरलेल्या जागी, ठरलेल्या तासांत, स्वतः पासपोर्टसकट हजर राहायचं आणि खरं तिकीट घ्यायचं. तिकीट दुसऱ्याला देऊ नये म्हणून ही व्यवस्था. अर्थ असा की संध्याकाळी उतरणारं विमान चालत नाही. दुपारी बारा-एकपर्यंत शहरात पोचायला हवं. पासपोर्टवरचं नाव आणि मेंबरशिपचं नाव अक्षरशः एक हवं. वडिलांचं नाव मध्ये असणारे आपले लोक इथे अडकतात. मेंबरशिपमध्ये पासपोर्टप्रमाणे दुरुस्ती आधीच करून घ्या. इटलीत तिकिटावर नाव छापलेलं असतं आणि गेटवर ओळखपत्राशी ताडून पाहतात, तिथेही हेच.

सामना संपल्यावर पाहुण्यांना स्टँडमध्येच थांबवतात. अर्धा तास तर नेहमीचा, कधी तासाच्याही वर. स्थानिक ९ चा सामना, ११ ला शिट्टी, १२ ला बाहेर. तोवर मेट्रो चालू आहे का, हे आधी शोधा. पहाटे सहाचं विमान असेल तर हॉटेल विमानतळाजवळ घ्या, शहरात नको. जर्मनीत बऱ्याच क्लबांच्या तिकिटात सामन्याच्या दिवसाचा स्थानिक प्रवास धरलेला असतो, तिकिटाच्या मागे छापलेलं असतं, वेगळे पैसे भरू नका.

सगळ्यात मोठा धोका बंदीचा. फ्रान्समध्ये प्रशासन सामन्याच्या काही दिवस आधी पाहुण्या समर्थकांना मज्जाव करणारा आदेश काढू शकतं. इटलीतही मार्च २०२३ मध्ये नापोली विरुद्ध आइनट्राख्ट फ्रँकफुर्ट सामन्याला फ्रँकफुर्टच्या रहिवाशांना तिकीटविक्री बंद झाली होती. तिकिटाचे पैसे परत मिळतात, विमानाचे नाही. म्हणून हॉटेल रद्द करता येणारंच घ्या, आणि विमान शक्यतो अशा गावाचं की सामना नाही झाला तरी दोन दिवस घालवता येतील.

टर्नस्टाइल:
गेटवर काय अडतं, एवढंच. बॅग ए४ कागदापेक्षा मोठी असेल तर बऱ्याच मैदानांवर आत नाही, आणि सामान ठेवायची सोय असतेच असं नाही. ट्रॉली बॅग हॉटेलात किंवा स्टेशनच्या लॉकरमध्ये. छत्रीऐवजी रेनकोट. पाण्याच्या बाटलीचं झाकण काढून घेतात. रंगीत धुराची नळकांडी बाळगून आत शिरणं गुन्हा आहे, कोणी 'जरा धर' म्हणालं तरी हात लावू नका.

फोनवरचं तिकीट घरच्या वायफायवर फोनच्या वॉलेट ॲपमध्ये उतरवून घ्या. मैदानाबाहेर तीस हजार माणसं एकाच टॉवरवर असतात, ॲप उघडतच नाही. वॉलेटमधलं तिकीट नेटशिवाय चालतं, पण फोनला एनएफसी (फोन जवळ नेऊन पैसे भरता येतात ती सोय) हवं. स्कॅनरला फोनची स्क्रीन नव्हे, वरची कड लावा आणि हिरवा दिवा लागेपर्यंत हलवू नका. घाईत दोनदा लावलं की दुसऱ्यांदा 'वापरलेलं तिकीट' दाखवतं आणि मग स्टुअर्ड (मैदानावरचा व्यवस्था पाहणारा कर्मचारी) बाजूला घेतो.

शून्य-शून्य:
@टर्नस्टाइल, मित्राच्या नावावरच्या तिकिटावर गेलं तर?

टर्नस्टाइल:
क्लबच्या ॲपमधून रीतसर ट्रान्सफर करा. काही क्लब अवे गेटवर ओळखपत्र तपासतात आणि परस्पर दिलेलं तिकीट सापडलं की ज्याच्या नावावर आहे त्याचे पॉइंट जातात. मित्र गेला, पॉइंटही गेले.

डावा विंगर:
अवे तिकीट न मिळाल्यामुळे यजमानांच्या स्टँडमध्ये बसणाऱ्यांसाठी: आपल्या संघाचा शर्ट, स्कार्फ, फोनचं कव्हरसुद्धा नको. गोल झाला की हात मांडीखाली. उठून ओरडलात तर स्टुअर्ड बाहेर काढतो, आणि ते तुमच्याच भल्याचं असतं.

तिसरा मजला:
लहान मुलं बरोबर असतील तर एक. अवे एंडमध्ये खुर्च्या असल्या तरी पूर्ण वेळ सगळे उभे असतात. दहा वर्षांच्या मुलाला सातव्या रांगेतून समोरच्याची पाठ दिसते. पहिल्या दोन-तीन रांगा किंवा जिन्याच्या कडेची जागा मागा. व्हीलचेअरची जागा हवी असेल तर दोन्ही क्लबांच्या अपंग-संपर्क अधिकाऱ्यांना ईमेल करा. सोबत्याचं तिकीट बहुतेक ठिकाणी मोफत असतं, पण जागा मोजक्याच असतात.

उशिराची गाडी:
हिवाळ्याचं राहिलं. प्रीमियर लीगच्या मैदानांना गवताखाली तापवायची यंत्रणा असते, खालच्या लीगमध्ये सगळीकडे नसते. गोठलेल्या मैदानाची पाहणी बऱ्याचदा सकाळी होते, आणि तोवर लांबचे लोक गाडीत बसलेले असतात. जानेवारीत खालच्या लीगच्या मैदानावर कपचा सामना असेल तर आदल्या रात्री यजमान क्लबचं खातं बघा, पाहणीची वेळ तिथे टाकतात. सामना पुढे ढकलला तर तिकीट नव्या तारखेला चालतं किंवा पैसे परत. रेल्वेचं ॲडव्हान्स तिकीट मात्र गाडी धावली की वापरलं काय न वापरलं काय, सारखंच. गाडी सुटायच्या आधी तारीख बदलून घ्या.